लोवेला कुठे अडकते

सोमवार, ४ सप्टेंबर

आणि इंटरनेट कंपनीतली ती भुवया कोरलेली पोरगी काचेमागून मला सांगते, “मॅडम, बंद करून परत चालू करा.” अगं बये, बंद करून चालू करण्यातच माझा जन्म चाललाय! तो वायफायचा डबा मी जितक्या वेळा बंद-चालू केला तितक्या वेळा माझ्या नवऱ्याला, डोमिंगलासुद्धा झोपेतून उठवलं नसेल. आणि दोघांचं सारखंच, उठतात आणि परत पेंगतात. हे मी तिला तोंडावर सांगितलं. रांगेतले लोक हसले. ती हसली नाही. म्हणाली, “नेमकं कधी अडकतं ते लिहून आणा. तारीख, वार, तेव्हा काय करत होतात. त्याशिवाय तक्रार पुढे जात नाही.”

तिला वाटलं, ही मासेवाली, हिच्या हातांना खवल्यांचा वास, ही काय लिहिणार. चौथीपर्यंत शिकलेय मी. येताना बाजारातून वही घेतली आणि हे बघ, लिहितेय. भरली की त्या काचेवर आपटते.

काय अडकतं ते आधी लिहिते, म्हणजे उद्या फाटे फोडायला नकोत. मी नेनिता. दागुपानच्या मासळीबाजारामागे बांगुस माशाचे काटे काढते. या माशात काटे इतके की खाणारा रडकुंडीला येतो. आम्ही बायका चिमट्याने एकेक काटा ओढतो आणि मासा अख्खा ठेवतो. सगळं पोट बोटांवर. म्हणून फोनवरच्या लढाईच्या खेळात पोरंटोरं माझ्यापुढे टिकत नाहीत. पाच जणींची टोळी आहे आमची, नाव ‘काटा’. चौघी आम्ही काटे काढायच्या टेबलावरच्या, पाचवी माझी लेक लोवेला. ती हाँगकाँगला एका घरी कामाला आहे. खेळात मी ढाल घेऊन पुढे, ती माझ्या मागे औषधवाली. मी मार खायचा आणि तिने मला बरं करायचं. रोज संध्याकाळी दोन डाव, आणि रविवारी तिची सुट्टी म्हणून सकाळीही. तेवढाच वेळ माझी लेक माझ्याजवळ असते. बाकी सगळा वेळ ती दुसऱ्याचं पोर भरवत असते.

आणि नेमका तेवढ्यातच लॅग, सगळं अडकून बसतं. काल शत्रूच्या बुरुजाखाली मी एकटी. मागे वळून बघते तर लोवेला खांबासारखी थिजलेली. मेले. सगळ्यांसमोर मेले.

बुधवार, ६ सप्टेंबर

अडकलं. संध्याकाळी, पहिल्याच डावात. मी हलत होते, कोरिंग हलत होती, लोवेला तेवढी थिजली. मग परत आली, मग परत थिजली.

कोरिंग म्हणजे शेजारीण आणि टेबलावरची माझी जोडीदार. लोवेलाच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता हीच होती, तेव्हापासून मी तिला कुमारे म्हणते आणि ती मला. एरवी तिची जीभ माझ्यापेक्षा लांब. आज म्हणाली, “कुमारे, तुझी ढाल बघून तुझी औषधवालीच घाबरून पळते बहुतेक.”

“तुझं तोंड बघून पळत असेल,” मी म्हटलं.

डावानंतर नेहमीसारखा फोन लावला. लोवेला म्हणाली, “नानाय, तुझ्याकडे लॅग आहे, कॅमेरा बंद ठेवते, नाहीतर आवाजही तुटेल.” पवित्र आठवड्यापासून हेच. एप्रिलपासून माझ्या लेकीचं तोंड मी नीट बघितलेलं नाही. आधी ती फोन स्वयंपाकघरात टेकवून ठेवायची आणि मी इथे काटे काढत बसायची. कुणी काही बोलायचं नाही, पण तिकडे तिचे हात दिसायचे. आता काळा चौकोन दिसतो आणि त्यात माझंच तोंड. माझं तोंड बघायला मी महिन्याचं बिल भरत नाही.

हे सगळं त्या भुवयावालीला दाखवणार आहे.

रविवार, १० सप्टेंबर

आज सकाळी हद्द झाली. डाव जिंकत आलो होतो. मी ढाल वर केली आणि घरातली वीज गेली. डबा मेला, पंखा मेला. कोंबडे मात्र ओरडत राहिले. डोमिंगने झुंजीसाठी पाळलेत, त्यांना ना वीज लागते ना इंटरनेट.

कोरिंग फोनच्या डेटावर खेळते, म्हणून ती शेवटपर्यंत आत होती. धावत आली. म्हणाली, “तुम्ही मायलेकी एकदम गेलात. एकाच क्षणाला! अशी जोडी कुठे बघितली नाही.”

बघा. म्हणजे माझा डबा मरताना तिलाही ओढून नेतो. माझ्या दरिद्री वायफायपायी बिचारी पोर समुद्रापलीकडे खेळातून बाहेर पडते. डोमिंग रेडिओ कानाला लावून बसला होता. म्हणाला, अख्ख्या लुझोन बेटाचीच वीज गेली, मनिलासकट. मी म्हटलं, मनिलाचं मला काय करायचंय, मला हाँगकाँगचं बोल.

कोरिंग काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, “जाऊ दे कुमारे, पोर खेळते ना तुझ्याशी? मग झालं.”

झालं कसं? पंधरा दिवसांवर आपल्या वस्तीच्या संताची जत्रा आहे, जत्रेत सामने आहेत. बाहेरगावचा गडी आपापल्या ठिकाणाहून खेळला तरी चालतो. आणि माझी औषधवाली खांब होऊन उभी राहणार? मी नाही ऐकून घेणार.

मंगळवार, १२ सप्टेंबर

रामिल आला होता. कोरिंगचा पुतण्या, घरोघरी इंटरनेटच्या वायरी ओढतो. दारातच विचारलं, “आंटी, डबा कुठे ठेवलाय?”

कुठे म्हणजे? जिथे चांगली वस्तू ठेवतात तिथे. देव्हाऱ्यात, बाळ येशूच्या शेजारी, काचेच्या पेटीत. वर माझ्या आईने विणलेला लेसचा रुमाल. आतलं कारखान्याचं प्लास्टिकही मी काढलेलं नाही. वस्तू जपून वापरली की टिकते.

रामिलने ते बघितलं. मग गुडघ्यावर बसला. मला वाटलं प्रार्थना करतोय, तर हसत होता. “आंटी, तुम्ही याला गुदमरून मारताय. काच, रुमाल, प्लास्टिक, मागे सिमेंटची भिंत. तापून भाकरी झालाय हा.”

“बाळ येशूची नजर असते त्याच्यावर.”

“असू दे ना नजर. बाहेर ठेवून असू दे.”

दुसरं त्याने काढलं ते वायफायचा पासवर्ड. म्हणाला, “या डब्यावर सगळी गल्ली बसलीय.” बसणारच. समोरच्या घरी पोरगी ऑनलाइन शिकते, बाजूच्याचा भाऊ जहाजावर असतो, त्याची बायको बोलते. दारात येऊन मागितलं तर काय नाही म्हणू? आपल्याकडे भाताच्या वेळी कुणी आलं तर ताट मांडतोच ना. रामिल म्हणाला, मग रडू नका. मी म्हटलं, रडत कोण आहे, मी भांडतेय.

शेवटी तो म्हणाला की गल्लीला न तोडताही जमतं. असा राउटर घ्यायचा ज्याला सांगता येतं की खेळाला आधी सोड, बाकीच्यांना मागून. हे मला पटकन कळलं. बाजाराच्या दारात सगळ्या गाड्या अडल्या तरी बर्फाच्या गाडीला वाट मिळते. कुणी रागावत नाही, कारण मासा थांबत नाही.

डबा देव्हाऱ्याच्या बाहेर, खिडकीपाशी ठेवला. रुमाल बाळ येशूच्या खांद्यावर घातला. संध्याकाळी मी वाऱ्यासारखी पळत होते. लोवेला थिजली ती थिजलीच.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

भिशीत माझा नंबर लागला. टेबलावरच्या सगळ्या बायका आधीच माझे पैसे खर्च करून मोकळ्या. म्हणे स्वयंपाकघराचे पत्रे बदल. पत्रे गळतात हे मला माहीत आहे, चुलीवर पाणी माझ्या पडतं, त्यांच्या नाही.

मी म्हटलं, मी राउटर घेणार. खेळाचा, चांगला.

चिमटे थांबले. एक म्हणाली, “पन्नाशीला आलीस नेनिता.” दुसरी म्हणाली, “लोवेला तिकडे दुसऱ्यांच्या फरशा पुसते आणि आई इकडे खेळाचं यंत्र घेते.” तिला मी विचारलं, “तुझ्या नवऱ्याने भिशीच्या पैशात कोंबडा घेतला तेव्हा तो कोंबडा तुझ्याशी संध्याकाळी बोलायचा का?” ती परत चिमट्याला लागली. कोंबडाही पहिल्याच झुंजीत गेला होता.

डोमिंगने कपाळाला हात लावला, पण बोलला नाही. बोलली ती लोवेला. फोनवर सांगितलं तर किती उखडली! “नानाय, अजिबात घेऊ नकोस. छत कर. राउटरने काही फरक पडणार नाही.” मी म्हटलं, तूच म्हणतेस ना माझ्याकडे लॅग आहे? तर म्हणे, “म्हटलं असेन. पण नको घेऊ. ऐक माझं एकदा तरी.”

इतकं लागलं मला. आईकडे इंटरनेट चांगलं असावं असं कुठल्या लेकीला वाटत नाही? पण पोर काटकसरी आहे, माझीच. मला खर्च नको म्हणून बोलते. आता तर घेणारच.

शनिवार, १६ सप्टेंबर

दुकानात गेले. मासळीच्या चपलांनी गेले, मुद्दाम.

मुलाने पहिला डबा काढला तो कोळ्यासारखा. आठ अँटेना वर, पोटात लाल दिवे. “मॅडम, हा खास गेमिंगचा. सगळे हाच नेतात.”

“आठ शिंगं कशाला? झुंजीला पाठवायचाय का? डोमिंगकडे कोंबडे आहेत तेवढ्याला.”

“रेंज, मॅडम.”

“माझं घर एवढंसं. या भिंतीवरून त्या भिंतीवर थुंकलं तर पोचतं. रेंज काय करू? हा खेळाला आधी सोडतो का?”

त्याने पाठीमागचं वाचलं. मग परत वाचलं. मग आतून एका मुलीला बोलावलं. दंडावर गोंदवलेली, डोळे झोपेत. तिने माझा फोन बघितला, खेळातलं माझं नाव बघितलं आणि जागी झाली. “आंटी, ही ढालवाली तुम्ही आहात? मागच्या महिन्यात तुम्ही मला बुरुजाखाली चिरडलंत.”

“मग नीट सांग आता.”

नीट सांगितलं तिने. कोळी ठेवून दिला. म्हणाली, दिव्यांचे पैसे देऊ नका. एक साधा काळा काढला, चार अँटेना, दिवा एकच. यात रांग लावता येते, तुमचा फोन पहिला. यात दोन वाटा असतात, एक लांब जाते पण संथ, दुसरी जवळच्या जवळ पण वेगात. खेळ दुसरीवर घ्या, गल्लीला पहिली द्या. आणि देव्हाऱ्यात ठेवू नका. हे तिला कुणी सांगितलं माहीत नाही. तिच्या आईकडेही तसंच असेल.

मग म्हणाली, “पण एक सांगते आंटी. लॅग तुमच्या बाजूचा असेल तर हा काढेल. समोरच्या बाजूचा असेल तर कुठलाही डबा काढू शकत नाही.”

“समोरचं म्हणजे हाँगकाँग. तिथलं इंटरनेट वाईट असतं का?”

ती हसली. “हाँगकाँगचं? आपल्यापेक्षा कितीतरी पुढे, आंटी.”

झालं तर मग. म्हणजे दोष माझ्याकडचाच. काळा घेतला. प्लास्टिक दुकानातच फाडून टाकलं, परत मोह नको.

येताना गल्लीच्या तोंडाशी फलकाखाली थांबले. लोवेला गेली तेव्हा लावला होता. अभिनंदन लोवेला, हाँगकाँग, मोठ्या अक्षरांत, खाली आमची नावं, वर तिचा फोटो. उन्हाने गाल पांढरे पडलेत. दर वर्षी मी शिडी लावून साबणाने धुते. अजून दोन वर्षं आरामात टिकेल. सबंध गल्लीत एवढा मोठा फलक कुणाचाच नाही.

रविवार, १७ सप्टेंबर

या या, कुणाला बोलायचं होतं ते या! रामिलने सकाळीच जोडून दिला. गल्ली एका वाटेवर, मी दुसऱ्या. ढाल उचलते तर उचलते, वार करते तर लागतो. मधे काही नाही. कोरिंग म्हणाली, “कुमारे, तू तर तरुण झालीस.” आणि आवाज! लोवेलाचा आवाज माझ्या कानाशी. ती गिळते ते ऐकू येतं. श्वास ऐकू येतो. काही खाल्लं का विचारलं तर हो म्हणाली, आणि पोट गुरगुरलेलं मला ऐकू आलं.

ती थिजलीच दोनदा, पण थोडीच. रामिल म्हणतो दोन दिवस लागतात बसायला.

एक गंमत. डाव चालू असताना “ताहोऽऽऽ” अशी लांब हाळी आली. मला वाटलं आपल्याच गल्लीत, सोयाचा गरम ताहो, वर गुळाचा पाक, खूप दिवसांत खाल्ला नव्हता. कप घेऊन बाहेर धावले तर गल्लीत कुणी नाही. डोमिंगला विचारलं तर म्हणे, मी काही ऐकलं नाही. या नव्या राउटरमध्ये कुठूनतरी दुसऱ्याचे आवाज शिरत असावेत. रामिलला विचारायला हवं. कप तसाच हातात राहिला.

बुधवार, २० सप्टेंबर

आता राउटर बसलाय. रामिल बघून गेला, सगळं हिरवं. दुसऱ्याचे आवाज शिरतात का विचारलं तर म्हणाला, “आंटी, हे काही रेडिओ नाही.”

मी लोवेलाला म्हटलं, आता लॅगचं नाव काढू नकोस, लाव कॅमेरा. तर म्हणे कॅमेरा फुटला. फोन पडला. कधी पडला? मागच्या महिन्यात. मग मागच्या महिन्यात लॅग कशाला सांगत होतीस? तर म्हणे, “नानाय, मालकीण बोलावतेय.” मालकिणीने बोलावलेलं मला ऐकू आलं नाही. आता सगळं ऐकू येतं मला.

मी राग गिळला. आज मासेही वाईट होते. बारीक काटे, चिमट्याला सापडत नाहीत, बोटालाच लागतात.

रविवार, २४ सप्टेंबर

जत्रा.

चौकात पडदा लावला होता, मोठाल्या कर्ण्यांतून आवाज. आम्ही चौघी खुर्च्यांवर, कानाला यंत्र. रामिलने माझ्या घरातून वायर ओढून राउटर चौकापर्यंत आणला. सबंध वस्ती समोर. पोरं ओरडतायत, “काटा! काटा!” समोरची टोळी पोरांची, मिशासुद्धा न फुटलेली. इकडे ऊन असं की खुर्ची तापलेली. सकाळपासून ढगाचा तुकडा नाही.

पहिला डाव आम्ही जिंकलो. लोवेला एकदाही थिजली नाही. अशी खेळली पोर! मी मार खातेय आणि मागून ती, पुन्हा पुन्हा, मला मरूच देत नाही. कोरिंगच्या डोळ्यांत पाणी आलं, ती म्हणे ऊन लागलं.

दुसऱ्या डावात बुरुजाखाली मी ढाल उचलली आणि माझ्या कानात पाऊस सुरू झाला.

आधी कळलं नाही. मग कळलं. पत्र्यावरचा पाऊस. तो मला कुणी शिकवायला नको. मी त्याच्याखाली जन्मले, त्याच्याखालीच चूल पेटवते. पातळ पत्रा, मधला खिळा सैल, एक टोक वाऱ्याने आपटतं. लोवेला तेविसाव्या मजल्यावर राहते. मीच सगळ्यांना सांगत फिरते, तेविसावा मजला, खाली माणसं मुंग्यांएवढी दिसतात. तेविसाव्या मजल्याला पत्रा कुठला?

माझी बोटं थांबली. ढाल तशीच वर, मी खांब. लोवेला ओरडतेय, “नानाय! नानाय, हल! तुला लॅग आहे का?”

हरलो. आज लॅग माझा होता.

सगळे हळहळले. पोरं नाचली. मी यंत्र कानावरून काढलं नाही. हळूच विचारलं, “तिकडे हवा कशी आहे गं?”

“ऊन आहे नानाय. कडक ऊन.”

मागे पत्रा धडाधड वाजत होता.

“बरं,” मी म्हटलं. दुसरं तोंडात आलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

सोमवार, २५ सप्टेंबर

टेबलावर आज सगळ्या माझ्या डोळ्यांकडे बघत होत्या. एकीने विचारलं, एवढा महागाचा राउटर आणि ऐन वेळी बंद पडला का गं? मी म्हटलं, राउटर उत्तम आहे. गरजेपेक्षा जास्तच उत्तम.

कोरिंगला बाजूला घेतलं. बर्फाच्या खोक्यांमागे. विचारलं, “तुला माहीत होतं?”

“काय?”

“कोरिंग.” कुमारे म्हटलं नाही. तिला कळलं.

ती चिमटा एप्रनला पुसत राहिली, पुसत राहिली. “मला शपथ घातलीय तिने. मी काही बोलणार नाही. पण मी काही नाहीसुद्धा म्हणत नाहीये.”

“बरी आहे?”

“आहे.”

“एकटी?”

“विचार तिला. मला मारलंस तरी तिच्याच तोंडून ऐकायला हवं तुला.” मग म्हणाली, “ती तिकडून सुटून आली ना कुमारे, तेव्हा पहिल्यांदा इथेच आली होती. बसमधून उतरली, गल्लीच्या तोंडापर्यंत आली. आणि वर बघून तिथूनच परत फिरली.”

 राहिलेले मासे संपवले. एकाही माशात काटा ठेवला नाही.

घरी आले, शिडी घेतली आणि फलक उतरवला. समोरची म्हणाली, “अगं, का काढतेस? शोभा होती गल्लीला.” मी म्हटलं, “माझी वस्तू, मी काढेन. तुझ्या गल्लीला शोभा हवी तर नवऱ्याचा फोटो लाव.” डोमिंग खाली शिडी धरून उभा होता. एवढंच म्हणाला, “हळू. चेहऱ्यावर घडी पडू देऊ नकोस.”

हे कंपनीच्या भुवयावालीला दाखवायचं नाही.

बुधवार, २७ सप्टेंबर

फोनवर टाइप करायला मला जमत नाही, अक्षरं उड्या मारतात. म्हणून हे इथेच लिहिते आणि या पानाचा फोटो तुला पाठवते. राउटर चांगला आहे, एका क्षणात पोचेल. मिळालं नाही असं सांगू नकोस.

लोवेला,

लॅग नाही. कॅमेराही फुटलेला नाही. मालकीणही नाही. ताहोवाला ऐकला मी, कप घेऊन धावले होते, वेडी. त्या रविवारी वीज आपली दोघींची एकदम गेली, कारण आपल्या दोघींच्या डोक्यावर एकच तार आहे, लुझोनची. आणि परवा तुझा पत्रा वाजत होता. त्याचा मधला खिळा सैल आहे, कुणाकडून तरी ठोकून घे, नाहीतर पुढच्या वादळात जाईल.

का आलीस परत ते मी विचारत नाही. तिकडे कुणी हात उगारला असेल तर त्याचं नाव मला हवं, बाकी काही नको. काम गेलं असेल तर गेलं. कामं जातात. हॉटेलवाल्यांनी मासा घेणं थांबवलं तेव्हा आमचीही टेबलं दोनदा बंद पडली होती, मेलो का आम्ही?

कोरिंगवर चिडू नकोस. तिने शपथ मोडली नाही, मीच पत्रा ओळखला.

फलक उतरवलाय. घडी न पाडता. स्वयंपाकघराच्या पत्र्याखाली बांधलाय, तुझा चेहरा खाली करून, म्हणजे गळकं पाणी त्यावर जातं आणि कडेने बादलीत पडतं. भात लावताना वर बघितलं की तू दिसतेस. गल्लीतून आता कुणाला काही दिसत नाही. भिशीच्या पैशात राउटर आला आणि छतही झालं. तुझंही ऐकलं आणि माझंही.

इथे टेबलावर माझ्या डाव्या हाताची जागा रिकामी आहे. बस किंवा नको बसू. काटे काढ, नाहीतर दुसरं काही कर, नाहीतर महिनाभर झोप. लोक बोलतील. बोलू देत. समोरची बोलेल, टेबलावरच्या बोलतील, चर्चमध्ये मागच्या बाकावरच्या बोलतील. मी ढालवाली आहे. पुढे मीच असते, तुला माहीत आहे. तू माझ्या मागून चालत घरात ये, कुणी एक शब्द काढला तर मी बघते त्याच्याकडे.

आता माझं ऐक. तू कुठे आहेस ते मला हवंय. रस्ता, घर, जवळची खूण. आणि तुझं तोंड बघायचंय, जसं असेल तसं. वाळलेली असशील तर वाळलेलं, कुणाचं पोर कडेवर असेल तर त्याच्यासकट.

रविवारपर्यंत वाट बघेन. चर्चची पहिली घंटा व्हायच्या आत. खेळात नाही, कोरिंगमार्फत नाही. फोन, आणि कॅमेरा चालू.

नाही आला फोन, तर सोमवारी मी बर्फाच्या खोक्यात बांगुस भरून मनिलाच्या बसमध्ये बसते, घरी न येणारे सगळे तिथेच जातात. पत्ता माहीत नसला तरी बसते. पत्रे असलेल्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी उभी राहून तुझं नाव घेऊन ओरडते. त्या ताहोवाल्यापेक्षा माझा आवाज मोठा आहे. लाजायचंच असेल तर मग तेव्हा लाज.

रविवार. पहिल्या घंटेआधी. उत्तर दे.